गेम कोणाच्या घरचा?

मंडळी, ‘फायनल फँटसी ही गेमची मालिका सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्राचीच’ असं ठासून सांगणारी मुलं आज समोर बसली आहेत, याचा मला आनंद आहे. जीव लावल्याशिवाय कुणी एवढं भांडत नाही. पण त्यांचा दावा मला मान्य नाही.

या मालिकेतला पहिला गेम १९८७ साली आला तो निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्रावर. पुढचे पाच मुख्य भागही निन्टेंडोच्याच यंत्रांवर निघाले. मग १९९७ साली सातवा भाग सोनीकडे का गेला? निन्टेंडोने आपल्या नव्या यंत्रासाठी, निन्टेंडो ६४साठी, कॅसेटच ठेवली होती. त्या यंत्राच्या सगळ्यांत मोठ्या कॅसेटमध्येही ६४ एमबी मावत. साध्या सीडीत सुमारे ६५०. ही मालिका बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीच्या लोकांना सिनेमासारखी दृश्यं दाखवायची होती, आणि त्यांचा गेम तीन सीडींवर निघाला. कॅसेटमध्ये तो बसणार कसा? जिथे जागा मिळाली तिथे ते गेले. तोच सातवा भाग २०१९मध्ये निन्टेंडोच्या स्विचवरही आला. आता तो कुणाचा म्हणायचा?

आपण तर ग्वाल्हेरची माणसं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्याचं नाव ग्वाल्हेरचंच राहिलं, पण म्हणून मिरजेत किंवा लाहोरात गायलेला ख्याल परका ठरला नाही.

गेमला मात्र कायदेशीर मालक असतो, आणि इथे आपल्या प्रेमाचं काही चालत नाही. सेगा या कंपनीने १९९१ साली सोनिक हा गेम आणला तोच मुळी निन्टेंडोच्या मारिओशी टक्कर घ्यायला. २००१मध्ये सेगाने कन्सोल, म्हणजे गेमची यंत्रं, बनवणं सोडलं आणि त्याच वर्षी सोनिक निन्टेंडोच्या यंत्रांवर धावू लागला. हेलो या गेमची गोष्ट उलटी. १९९९ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी तो गेम ॲपलच्या मंचावरून जाहीर केला होता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनी विकत घेतली, आणि हेलो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलची ओळख झाला.

एका यंत्रापुरता ठेवलेला गेम म्हणजे खेळणाऱ्यांवर अन्यायच, असंही मी म्हणणार नाही. बेयोनेटा या पात्राच्या गेमचा पहिला भाग २००९ साली प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन्हींवर होता. दुसऱ्या भागाला निन्टेंडोने पैसा पुरवला, म्हणून तो २०१४मध्ये फक्त वी यू या निन्टेंडोच्या कन्सोलवर निघाला. पहिला भाग खेळलेल्यांना ते लागलं. का लागू नये? त्यांनीच तर त्या पात्राला आपलं मानलं होतं. पण तो पैसा उभा राहिला नसता, तर दुसरा भाग कुठल्याच यंत्रावर आला नसता, असं मला वाटतं.