गोळीची लांबी आणि बॅरलचा पीळ

टेबलावर दोन गोळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आहेत. डावीकडची ३०८ विंचेस्टर काडतुसाची आहे, व्यास ७.८ मिलिमीटर आणि वजन १६८ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक). उजवीकडची ६.५ क्रीडमूरची, व्यास ६.७ मिलिमीटर, वजन १४० ग्रेन. डावी गोळी जाड आणि वजनदार असल्यामुळे तीच लांबवर नेमकी जाईल असे नवख्याला वाटते. पण आडव्या छेदाच्या मानाने वजन पाहिले तर उजवी गोळी सुमारे तेरा टक्के पुढे आहे. ती सडपातळ आहे, तिचे टोक निमुळते आहे, त्यामुळे हवा तिचा वेग कमी खाते आणि आडवा वारा तिला कमी ढकलतो. हजार यार्डांवर गोळी किती खाली येईल याचे गणित आधी मांडता येते. वारा मात्र दर क्षणी बदलतो, आणि म्हणून लांब पल्ल्याचे कॅलिबर, म्हणजे गोळीच्या व्यासाचे माप, निवडताना पहिला विचार वाऱ्याचाच व्हायला हवा.

लांब गोळीची एक अट असते. तिला हवेत सरळ ठेवायचे तर तिला जोराने फिरवावे लागते, आणि ते काम बॅरलच्या, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या, आत कोरलेल्या पिळाचे चर करतात. वुलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली त्यासाठी एक सोपा नियम दिला: मापे इंचांत धरून गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे किती इंचांत पिळाचा एक पूर्ण फेरा हवा ते कळते. तोफगोळ्यांसाठी मांडलेला हा नियम, देवळालीच्या तोफखाना विद्यालयामुळे तोफांच्या आवाजाची सवय असलेल्या नाशिककरांना परका वाटू नये. ३०८ ची गोळी साधारण १.२१ इंच लांब आहे. तिचे उत्तर येते सुमारे बारा इंचांत एक फेरा. ६.५ च्या लांब गोळीला मात्र आठ इंचांत एक फेरा लागतो. सेकंदाला ८०० मीटर वेगाने ती या बॅरलमधून सुटते, तेव्हा ती सेकंदाला जवळपास ४,००० फेऱ्यांच्या गतीने स्वतःभोवती फिरत असते. पीळ कमी पडला तर गोळी डगमगते आणि लक्ष्यपत्रावर गोल छिद्राऐवजी लांबट फाटलेले छिद्र दिसते. म्हणून आधी गोळी ठरवावी, मग पीळ. बॅरल आधी घेऊन गोळी शोधत बसणे हा उलटा प्रवास आहे.

बॅरलच्या लांबीपेक्षा जाडीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब बॅरलमध्ये वायूंना गोळी ढकलायला अधिक वेळ मिळतो आणि वेग वाढतो, हे खरे. परंतु बॅरल ६५ वरून ७५ सेंटिमीटर केली तर तिचा ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने घटतो. उलट, बॅरलचा बाहेरचा व्यास २० वरून २५ मिलिमीटर केला तर ताठपणा जवळपास अडीचपट होतो. जाड बॅरल गोळ्यांमागून गोळ्या झाडताना उशिरा तापते आणि नेम सरकत नाही. ती लाकडी दस्त्याला कोठेही टेकता कामा नये. बॅरलखालून कागदाची पट्टी सरकवून हे तपासता येते, आणि ती जिथे अडकते तिथे दोष असतो.

बॅरल झिजतेही. प्रत्येक गोळी बॅरलमध्ये सुमारे सव्वा ते दीड मिलिसेकंद असते. २,५०० गोळ्यांनंतर ६.५ क्रीडमूरच्या बॅरलचा घसा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, जळून खरवडू लागतो, म्हणजे तिने प्रत्यक्ष काम केलेला वेळ अवघा तीन-चार सेकंदांचा. ३०८ ची बॅरल याच्या दुपटीच्या आसपास टिकते, आणि सरावावर जगणाऱ्या खेळाडूला हा फरक खिशाला जाणवतो.

आपल्याकडे कॅलिबरचा प्रश्न दुकानाच्या आधी परवान्यापाशी उभा राहतो. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि लष्करी ७.६२ मिलिमीटर व ३०३ बोअर निषिद्ध वर्गात येतात. त्यामुळे नाशिकच्या नव्या नेमबाजाची खरी बॅरल बहुधा पॉइंट २२ चीच असते, आणि यात कमीपणा मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफलमध्ये, याच कॅलिबरने. त्या लक्ष्यपत्रावरील दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते.

स्पर्धेच्या पॉइंट २२ गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली असतो. नाशिकच्या हिवाळी पहाटे दहा अंश तापमानात ध्वनीचा वेग ३३७ मीटर असतो आणि एप्रिलच्या दुपारी तो ३५० च्या पुढे जातो. अधिक वेगाची काडतुसे ध्वनीची ही सीमा ओलांडून सुटतात, पुन्हा तिच्याखाली येताना डळमळतात आणि विखुरतात. म्हणून स्पर्धेसाठी संथ काडतूसच घ्यावे. मग रायफल शिकंज्यात घट्ट बांधावी, ५० मीटरवर प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एकत्र बनवलेल्या काडतुसांच्या गटाच्या, दहा-दहा गोळ्या झाडाव्यात, बॅरल प्रत्येक वेळी सारखीच गरम राहील असे पाहावे, आणि ज्या लॉटच्या छिद्रांचा पुंजका सर्वांत लहान येईल त्याच क्रमांकाच्या पेट्या सबंध मोसमासाठी बाजूला काढून ठेवाव्यात.