फार्मव्हिलच्या मोटन शाळेत

(दृश्य : मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावरची एकमजली, विटांची शाळा. सकाळ.)

हे फार्मव्हिल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं, प्रिन्स एडवर्ड काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव. गावातल्या या शाळेत आता घंटा होत नाही. 1995 मध्ये इथले वर्ग कायमचे बंद झाले. इमारत हातची जाईल असं दिसू लागलं, तेव्हा गावातल्या कृष्णवर्णीय महिलांच्या एका जुन्या मंडळानं ती वाचवायचं मनावर घेतलं. मार्था फॉरेस्टर कौन्सिल ऑफ विमेन हे त्या मंडळाचं नाव. 1998 मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि 2001 मध्ये इथे रॉबर्ट रुसा मोटन संग्रहालय सुरू झालं.

आत शिरल्यावर इथे काय नाही ते आधी बघायचं.

व्यायामशाळा नाही. जेवणाची खोली नाही. विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. मध्ये एक सभागृह आणि भोवतीनं वर्ग, एवढीच शाळा. गावातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत हे सगळं होतं. ही शाळा काळ्या मुलांची होती. 1939 मध्ये बांधली तेव्हा 180 मुलांच्या हिशोबानं बांधली होती. 1950 पर्यंत पटावर साडेचारशेहून जास्त मुलं झाली. एकाच वेळी सभागृहात दोन-दोन, तीन-तीन वर्ग भरायचे. एक वर्ग तर शाळेच्या बसमध्ये भरायचा.

(दृश्य : पटांगणातल्या लाकडी खोपट्यांची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

नवी शाळा बांधून द्या, असं पालक मागत राहिले आणि शाळा मंडळ ते पुढे ढकलत राहिलं. शेवटी पटांगणात लाकडी खोपटी उभी केली. वरून डांबरी कागद ठोकलेला. पावसात छत गळायचं. हिवाळ्यात एका शेगडीवर अख्खा वर्ग. शेगडीजवळचा भाजून निघायचा आणि दाराजवळचा अंगातला कोट काढू शकायचा नाही. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. घरून गोणपाट नेऊन वर्गात वेगळं बसलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना या छायाचित्रांपुढे फार समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य : सभागृह. रिकामा रंगमंच.)

आता या सभागृहात थोडं थांबूया. सगळी गोष्ट इथे घडली.

बार्बरा जॉन्स, वय वर्षं सोळा. शाळेच्या अवस्थेबद्दल तिनं एका शिक्षिकेजवळ मन मोकळं केलं. ‘मग तूच काही का करत नाहीस?’ अशा अर्थाचं काहीतरी बाई बोलून गेल्या. ते वाक्य बार्बराच्या डोक्यातून जाईना. मोजक्या विश्वासातल्या मुलांना घेऊन तिनं काही महिने गुपचूप बेत आखला. घरी सांगितलं नाही, मुख्याध्यापकांना तर नाहीच.

23 एप्रिल 1951. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला, तुमची काही मुलं गावात अडचणीत सापडली आहेत. ते लगबगीनं निघाले. इकडे वर्गावर्गात चिठ्ठ्या फिरल्या, सगळ्यांनी सभागृहात जमावं. खाली मुख्याध्यापकांची खूण होती, मुलांनीच केलेली. साडेचारशे मुलं याच छताखाली येऊन बसली. पडदा सरकला. मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी होती.

तिनं आधी शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली. मग म्हणाली की चांगली इमारत मिळेपर्यंत आपण वर्गात पाऊल ठेवायचं नाही. आणि मुलं खरोखरच उठून बाहेर पडली.

(थोडा विराम. रंगमंचावर कॅमेरा स्थिर.)

संप साधारण दोन आठवडे चालला. मुलांनी रिचमंडच्या दोन वकिलांना पत्र लिहिलं होतं, ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन. दोघं आले आणि त्यांनी मुलांसमोर अवघड अट ठेवली. नुसत्या नव्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळाच नकोत, अशी मागणी करणार असाल तर सोबत येऊ. मुलांनी ते मान्य केलं, पालकही मागे उभे राहिले. महिन्याभरात दावा दाखल झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयात, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्यात एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी हा एक, आणि विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला एकमेव. 17 मे 1954 रोजी निकाल लागला, सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

पुष्कळ जण ही गोष्ट इथे संपवतात. फार्मव्हिलची खरी परीक्षा मात्र पुढे होती, आणि मला वाटतं, या संग्रहालयाचं मोल तीही सांगण्यात आहे.

1959 मध्ये एकत्र शाळा भरवण्याची वेळ आली, तेव्हा काउंटीनं शाळांना पैसाच मंजूर केला नाही. साऱ्या सरकारी शाळांना कुलपं लागली. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली. काळ्या मुलांसाठी काहीच नव्हतं. कुणी परगावी नातेवाइकांकडे गेलं, कुणाला दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी कुटुंबांनी ठेवून घेतलं, कुणी चर्चच्या तळघरात स्वयंसेवकांकडून थोडंफार शिकलं. बरीच मुलं घरी बसली. 1963 मध्ये देणग्यांवर चालणारी मोफत शाळा निघाली. 1964 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं काउंटीला फटकारलं, आणि त्या सप्टेंबरात सरकारी शाळा उघडल्या. पाच वर्षं. 1959 साली दुसरीत जायचं असलेलं मूल दार उघडलं तेव्हा बारा वर्षांचं झालं होतं. त्यातली कितीतरी पुन्हा वर्गात आलीच नाहीत. 2003 मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना मानद पदविका दिल्या गेल्या, तेव्हा ती आजी-आजोबा झाली होती.

(दृश्य : गावातलं न्यायालय. संध्याकाळ. मनोऱ्यातला दिवा.)

2008 मध्ये काउंटीनं झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला आणि न्यायालयाच्या घंटेच्या मनोऱ्यात एक दिवा लावला.

संपानंतर बार्बराच्या जिवाला धोका वाटू लागल्यानं घरच्यांनी तिला अलाबामात, मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवलं. पुढे ती फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली. 1991 मध्ये ती गेली. हे संग्रहालय तिनं पाहिलं नाही.

(दृश्य : रिकामं पटांगण. खोपटी होती ती जागा.)

1865 च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांचे सेनानी जनरल रॉबर्ट ली यांचं सैन्य याच फार्मव्हिलमधून माघार घेत गेलं होतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, व्हर्जिनियाच्या वतीनं त्यांचाच पुतळा शतकभराहून अधिक काळ उभा होता. डिसेंबर 2020 मध्ये तो हलवला. त्या जागेसाठी राज्यानं निवडलं बार्बरा जॉन्सला.