तालमीचं पान

स्क्रीनवर चौकोनात ही जी लाल खूण दिसतीय ना, ती इंग्लिश विकिपीडियाची. सबमिशन डिक्लाइन्ड. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तालमीवर लिहिलेला लेख, लिहिणारी त्याच गल्लीतली कॉलेजची पोरगी, आणि नाकारणारा जगात कुठंतरी बसलेला एक व्हॉलंटिअर, ज्याला ना पगार ना मानधन. गल्लीत बातमी पोचल्यावर पहिला प्रश्न एकच आला, आमच्या तालमीला नाही म्हणणारा ह्यो कोण?

(आखाडा, पहाट)

आता ही तालीम बघा. तांबडी माती, त्यात हळद, ताक, लिंबू, तेल घालून मुरवलेली, पोरं खोऱ्यानं ओढतायत तो आवाज ऐका जरा. भिंतीवर मारुती, शेजारी शाहू महाराज. आणि कोपऱ्यातल्या त्या ट्रॉफ्या कुस्तीच्या नाहीत, फुटबॉलच्या आहेत, कारण कोल्हापुरात तालीम म्हटलं की कुस्तीसोबत फुटबॉल आला, गणपती आला, सगळंच आलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, या तालमींच्या टीमची नावं शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्ख्या शहराच्या तोंडात असतात. खासबागेचं मैदान १९१२ पासून उभं आहे. एवढं सगळं असताना लेख नाकारला कसा?

तर गोष्ट अशी आहे की रिव्ह्यूअर, म्हणजे लेख तपासणारा तो व्हॉलंटिअर, तालीम मोठी का लहान हे बघतच नाही. तो बघतो की तालमीशी ज्यांचा काही संबंध नाही अशा लोकांनी तिच्याबद्दल सविस्तर लिहून छापलंय का, आणि एकदाच नाही, दोन-तीन ठिकाणी तरी. पहिल्या ड्राफ्टमध्ये सोर्स काय होते? तालमीची स्मरणिका, तालमीचं फेसबुक पेज आणि वस्तादांच्या आठवणी. म्हणजे आपल्या लग्नाचं स्थळ आपणच सुचवल्यासारखं. वर भाषा पण स्मरणिकेचीच, दैदीप्यमान परंपरा वगैरे, ती इंग्लिशमध्ये गेल्यावर सरळ जाहिरात वाटते.

प्रोसेस नीट समजून घ्या. नवीन अकाउंटवरून थेट लेख टाकता येत नाही, २०१८ पासून हा नियम पक्का झालाय. अकाउंट किमान चार दिवस जुनं पाहिजे आणि दहा एडिट झालेले पाहिजेत, तोपर्यंत ड्राफ्ट लिहायचा, सबमिटचं बटण दाबायचं आणि रांगेत थांबायचं. रांग म्हणायची नुसती, नंबर कुणालाच नसतो, ज्याला जो ड्राफ्ट उघडावासा वाटेल तो उघडतो, त्यात महिनेही जातात. सहा महिने कुणी हात लावला नाही तर ड्राफ्ट उडवला जाऊ शकतो. पण डिक्लाइन म्हणजे दार बंद नाही, दुरुस्त करून परत पाठवता येतं. रिजेक्ट वेगळं, तिथं विषय संपला. मधेच या पोरीला एक मेल आला, पैसे द्या, अप्रूव्ह करून देतो. असले मेल बऱ्याच जणांना येतात, ते सरळ डिलीट करा, रिव्ह्यूअर पैसे घेत नाहीत.

(ग्रंथालय, बाइंडिंग केलेले पेपर)

आता हा भाग आमचा सगळ्यात आवडता, म्हणून लांबलाय, चालवून घ्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे छापलेलं जपायची सवय या गावाला जुनीच आहे. ही जागा शहरातलं दुसरं एक जुनं ग्रंथालय. हा गठ्ठा एका माणसाला उचलत नाही, पानाची कड बोट लागलं की तुटते, म्हणून ती दोन्ही तळवे खाली सरकवून पान उलटतीय बघा. पान चार, खाली डावीकडं. तालमीच्या नव्या इमारतीची बातमी, चांगली अर्धा कॉलम, शेजारी गुळाचे भाव. पेपरचं नाव, तारीख, पान नंबर, बास, एवढं पुरतं. नेटवर लिंक असलीच पाहिजे असं नाही, आणि मराठी सोर्स इंग्लिश लेखाला चालतो, हे आपल्याकडं कितीजणांना माहिती नसतं! नेटवर नाही म्हणून आपलं काही नाहीच, असं समजून लोक गप्प बसतात. मग कुस्तीवरच्या एका पुस्तकातली चार पानं सापडली, एका प्राध्यापकांचा लेख सापडला.

राहिली वस्तादांची गोष्ट. शाहू महाराज स्वतः या मातीत येऊन कुस्ती बघून गेले, ही.

"आबा, तुम्ही सांगताय ते खरं असंल, पण छापलेलं कुठं घावंना. मी ते काढतो."

"म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय गं?"

इथं आम्ही काही बोलत नाही, बघा तुम्हीच.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये विशेषणं गेली, प्रत्येक वाक्यामागं सोर्स आला. भाऊ याच तालमीकडनं खेळतो, ते पण तिनं युजर पेजवर, म्हणजे विकिपीडियावरच्या स्वतःच्या ओळखीच्या पानावर, लिहून टाकलं, लपवलं असतं तर नंतर महागात पडलं असतं. फोटो स्वतः काढले आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, टाकले. भिंतीवरचा जुन्या टीमचा तो झकास फोटो मात्र नाही, तो कुणी काढला ते माहीत नाही, मग हक्क कुणाचा सांगणार?

लेख ॲक्सेप्ट झाला. स्टार्ट क्लास अशी ग्रेड मिळाली, म्हणजे अजून बरंच लिहायचं बाकी. तालमीत पेढे वाटले.

आणि आता लेख कुणीही एडिट करू शकतो, म्हटल्यावर दुसऱ्या पेठेतलं कोणीतरी येऊन स्थापनेच्या सालापुढं 'बेटर सोर्स नीडेड', म्हणजे याहून चांगला सोर्स द्या, असं लावून गेलंय. दुसऱ्या पेठेतलंच कशावरून, ते तालमीत विचारा, सगळ्यांना खात्री आहे. पण लावलंय ते बरोबर आहे, त्या सालाला सोर्स स्मरणिकेचाच होता.