एक डबा, पाच काडतुसं

[पडद्यावर: पबजी खेळातल्या एरांगेल बेटावरचं एक रिकामं घर. फरशीवर ७.६२च्या गोळ्यांचा डबा. खेळाडू तो उचलतो. आकडा दिसतो: ३०.]

पबजीमध्ये हा डबा उचलला की बॅगेत तीस गोळ्या जमा होतात. त्या एकेएममध्ये चालतात, एसकेएसमध्ये चालतात, एसएलआर, एम२४, कार९८के आणि डीपी-२८मध्ये चालतात, आणि आर१८९५ या रिव्हॉल्व्हरमध्येसुद्धा चालतात. मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचं भारतीय रूप, खेळणाऱ्यांना हे पाठच असतं.

[पडद्यावर: पाच काडतुसं, उंचीच्या क्रमाने उभी.]

खऱ्या जगात या सात बंदुकांना पाच वेगळी काडतुसं लागतात. एकेएम आणि एसकेएसचं काडतूस ७.६२ × ३९. यातला पहिला आकडा कॅलिबरचा, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतल्या रुंदीचा, दुसरा पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या कवचाच्या, लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एसएलआर आणि एम२४ला ७.६२ × ५१ लागतं, म्हणजे पुंगळी १२ मिलिमीटरनं लांब. डीपी-२८ ही सोव्हिएत लाइट मशीनगन. तिचं ७.६२ × ५४, आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा. आर१८९५ची पुंगळी ३८ मिलिमीटरची, आणि गोळीचं टोकही तिच्या तोंडाच्या आतच राहतं. कार९८के तर ७.६२ची नाहीच. ती जर्मन बंदूक ७.९२ × ५७ मागते. एसएलआरचं काडतूस एकेएमला द्यायला गेलात तर चेंबरपर्यंत, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेपर्यंत, जायची वेळच येणार नाही, ते मॅगझीनमध्येच, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीतच, मावणार नाही.

एसएलआर आपल्याकडे ओळखीची आहे. बेल्जियमच्या एफएन एफएएल रायफलीच्या कुळातली ही बंदूक. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली तिची भारतीय आवृत्ती, १ए१, कित्येक वर्षं लष्कराकडे होती. राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांच्या खांद्यावर बंदोबस्तात ती अनेकांनी पाहिलेली असते. तिचं मॅगझीन २० गोळ्यांचं. खेळात मात्र ती १० गोळ्यांनिशी हाती येते, आणि उरलेल्या दहासाठी एक्स्टेंडेड मॅगझीन शोधत फिरावं लागतं. आणि गोळ्यांचंच म्हणाल तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ आणि ७.६२ची काडतुसं बनतात. तिथल्या कुणाला हा सर्वगुणसंपन्न डबा दाखवला तर तो हसेल.

मग खेळ बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पबजीची कल्पना ज्याची, तो ब्रेंडन ग्रीन आर्मा २ या लष्करी खेळाची मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करून केलेली आवृत्ती, बनवत इथवर आला. कारण साधं आहे. आठ बाय आठ किलोमीटरचं बेट, शंभर खेळाडू, आणि हाती लागेल त्यावर भागवायचं. पाच काडतुसं वेगळी ठेवली असती तर दारामागे सापडलेले पाचांतले चार डबे बिनकामाचे ठरले असते. सामना लढाईत रंगण्याऐवजी शोधाशोधीत संपला असता.

असंच क्यूबीझेडचं. या चिनी रायफलीचं मूळ काडतूस ५.८ × ४२. खेळात ती ५.५६ खाते. इथे पळवाट तरी आहे, कारण निर्यातीसाठीची क्यूबीझेड-९७ खरोखरच ५.५६ची आहे. यूएमपी आणि व्हेक्टर या सबमशीनगनबाबत तर खेळानंच मत बदललं. आधी यूएमपी ९ मिलिमीटरची आणि व्हेक्टर .४५ची होती, पुढे अदलाबदल झाली, यूएमपी९चं नाव यूएमपी४५ झालं. दोन्ही बंदुका दोन्ही काडतुसांत खरोखर मिळतात, त्यामुळे खेळाचा तोल सांभाळताना इतिहासाला धक्का लागला नाही.

[पडद्यावर: एकेएम आणि एम४१६, एकाच वेळी गोळीबार. खाली सेकंदांची पट्टी.]

आता वेगाचे आकडे. खेळातली एकेएम दर ०.१ सेकंदाला एक गोळी सोडते, म्हणजे मिनिटाला ६००. खऱ्या एकेएमचा वेगही तोच. नळीतून निघतानाचा गोळीचा वेग ७१५ मीटर प्रति सेकंद, तोही जुळतो. डीपी-२८ची वरची चपटी थाळी ४७ गोळ्यांची, खेळातही ४७. एकेएमला एक्स्टेंडेड लावलं की ४० होतात, आणि आरपीके मशीनगनचं ४०चं मॅगझीन खऱ्या एकेएमला बसतंच. मग एम४१६? ही जर्मनीची एचके४१६. खरी बंदूक मिनिटाला ८५०च्या आसपास झाडते, खेळातली ७००. हा लगाम मुद्दाम घातलेला आहे. ग्रिप, स्टॉक, मझल, मॅगझीन, स्कोप असे सगळे जोडभाग जिला बसतात, तिला वेगही पुरा दिला असता तर दुसरी बंदूक कुणी उचललीच नसती.

स्कोपबद्दल एक गोष्ट खटकते. साध्या एकेएमवर दुर्बीण बसवायला जागाच नसते. वरचं झाकण पातळ पत्र्याचं, साफसफाईला निघणारं. त्यावर बसवलेली दुर्बीण नेम धरून राहणार नाही. म्हणून सोव्हिएतांनी एकेएमएन ही वेगळी आवृत्ती काढली, डाव्या अंगाला पट्टी असलेली. खेळात कुठल्याही एकेएमवर फोर-एक्स, म्हणजे चौपट मोठं दाखवणारा स्कोप, चिकटतो.

[पडद्यावर: खिडकीमागचा खेळाडू. स्कोपमध्ये शत्रू स्पष्ट दिसतो. गोळ्या चौकटीत घुसतात.]

हे दृश्य नीट बघा. दुर्बिणीतून समोरचा स्वच्छ दिसतोय, आणि गोळ्या मात्र खिडकीच्या चौकटीत जातायत. इथे खेळ बरोबर आहे. एम४१६सारख्या बंदुकीत दुर्बीण नळीच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर वर असते. डोळ्याची रेषा आडोशावरून जाते, नळीची रेषा आडोशातच अडकते. पबजीत गोळी नळीच्या तोंडातून निघते आणि तोंडासमोर काही आलं तर पडद्यावर खूण उमटते. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या गोळीबाराच्या खेळात गोळी थेट खेळाडूच्या नजरेतून, पडद्याच्या मधोमध निघते, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. काउंटर-स्ट्राइक १.६चा घोळ वेगळा. तिथे बंदूक उजव्या हातात आणि एकेची पुंगळी मात्र डावीकडून उडते, कारण मॉडेलं डाव्या हातासाठी बनलेली आणि आरशासारखी उलटवलेली.

[पडद्यावर: एके कुळातल्या रायफलीची उजवी बाजू, अगदी जवळून.]

कुठल्याही खेळातली एके तपासायची असेल तर ही लांब पट्टी पाहा, गोळीबाराचा प्रकार ठरवणारी. वर असेल तर बंदूक सेफ. मधल्या खाचेत ऑटो. सगळ्यात खाली सिंगल. क्रम लक्षात ठेवा, ऑटो मध्ये आहे. आणि पट्टी वर असताना बोल्टची, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणाऱ्या भागाची, मूठ पूर्ण मागे येतच नाही, पट्टीच आडवी येते. म्हणजे ॲनिमेशनमध्ये पट्टी वर आणि मूठ सर्रकन मागे असं दिसलं, तर ते काम फोटो पाहून झालंय, बंदूक हाताळून नाही. मॅगझीन बसवणंही असंच. एकेमध्ये पुढचं टोक आधी अडकवायचं आणि मग मागचा भाग आत ओढायचा. एम४१६ कुळात ते सरळ खालून वर ढकलतात. शेवटची गोळी उडाली की एम४१६चा बोल्ट मागे थांबतो आणि डाव्या बाजूच्या खटक्यानं सुटतो. एकेएमचा बोल्ट थांबत नाही. म्हणून रिकाम्या एकेएममध्ये मॅगझीन बदलल्यावर मूठ ओढावीच लागते, आणि गोळ्या शिल्लक असताना बदललं तर ओढायची गरजच नसते. दोन्ही वेळा एकच ॲनिमेशन वापरणारे खेळ अजूनही निघतात. आळस, दुसरं काही नाही.

पबजीच्या बॅगेत गोळ्या सुट्या असतात, भरलेली मॅगझीनं नसतात. तरी तीनेक सेकंदांत भरलेलं मॅगझीन हातात येतं. अर्धवट मॅगझीन काढलं तरी त्यातल्या गोळ्या बॅगेत परत. एस्केप फ्रॉम टारकोव्ह या रशियन खेळात मात्र मॅगझीन एकेका गोळीनं भरावं लागतं, तो वेळही मोजला जातो, आणि बंदूक अडकते ती वेगळीच. पबजीत बंदूक कधी अडकत नाही आणि नळी कधी तापत नाही. सामन्याला अर्धा तास लागतो, त्यात हे चालून जातं.

एम४१६ला एचके४१६ का म्हणत नाहीत? नाव आणि चिन्ह कंपनीचं असतं, आकडे कुणाचे नसतात. ईए या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं २०१३मध्ये बंदूक कंपन्यांना परवान्याचे पैसे देणं थांबवलं, बंदुका खेळात ठेवल्याच. खोटं नाव देणं आजही स्वस्त पडतं.

[पडद्यावर: काळा पडदा. आधी एक ‘चट्’, मग दूरवरचा ‘ढप्’.]

हा आवाज हेडफोननं ऐका. ३०० मीटरवरून एकेएमची गोळी आली. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर तिला ०.४२ सेकंद लागतात. बंदुकीचा आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, त्याला ०.८८. म्हणून चट् आधी, ढप् अर्ध्या सेकंदानं मागून. दोन आवाजांमधला वेळ जितका जास्त, तितका मारणारा लांब. नळीच्या तोंडाला सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, लावला की ढप् दबतो. चट् गोळीचा स्वतःचा असतो, आवाजाच्या वेगापुढे गेल्याचा, तो राहतोच.

आता व्हीएसएस, मुळातच सप्रेसरसह येणारी रशियन स्नायपर रायफल. तिचं खरं काडतूस ९ × ३९, गोळी साधारण १६ ग्रॅमची, पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर गोळीच्या दुप्पट जड. खेळात तीही पिस्तुलाच्याच डब्यावर चालते. पण खरा वेग २९० मीटरच्या आसपास आणि खेळात ३३०. दोन्ही आवाजाच्या आतच, त्यामुळे चट् होत नाही. किंमत अशी की १०० मीटरवर पोचायला गोळीला ०.३ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सेकंदाला सहा मीटर धावणारा माणूस जवळजवळ दोन मीटर पुढे गेलेला असतो. नेम त्याच्या दोन मीटर पुढे धरायचा.