दोन पानं, एक फूल आणि सोळा जानेवारी

मित्रहो, आज सोळा जानेवारी. महाराष्ट्रात या तारखेला व्याख्यान ठेवलं की आधी सांगावं लागतं, या दिवशी काय झालं होतं ते. बांद्याहून पुढे जाऊन पत्रादेवीचा नाका ओलांडला की ते सांगावं लागत नाही. तिथे आज अस्मिताय दीस आहे. १९६७ साली याच दिवशी गोव्याच्या लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, यावर मतदान केलं. त्याला गोव्यात जनमत कौल म्हणतात. दर जानेवारीत या कौलाला साक्षीला उभं केलं जातं: कधी जमिनींच्या रूपांतराविरुद्ध, कधी म्हादईच्या पाण्यासाठी, कधी परप्रांतीयांविरुद्ध, तर कधी मराठीला राजभाषा करा म्हणणाऱ्यांविरुद्ध.

यातली काही गाऱ्हाणी मला मनापासून पटतात. पण कौलाने एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. स्मृतिदिन साजरे करताना आपण उत्तर तेवढं जपतो आणि प्रश्न विसरून जातो. मग ते उत्तर आजच्या कुठल्याही भांडणाला लावता येतं. मला आज बोलायचं आहे ते त्या विसरलेल्या प्रश्नाबद्दल.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षांची राजवट संपली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. दयानंद बांदोडकर, म्हणजे गोव्याचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण हा या पक्षाचा पहिला कार्यक्रम होता. आज गोव्यात त्या मागणीचं वर्णन कधी कधी बाहेरून आलेलं कारस्थान असं केलं जातं. ते अन्यायाचं आहे. पोर्तुगीज गेले तरी भाटकार, म्हणजे गावचा जमीनदार, होता तिथेच होता. त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार, त्याची शेती कसणारं कूळ, देवळाच्या महाजनकीत ज्याला जागा नाही असा बहुजन, या सगळ्यांना महाराष्ट्रात सामील होणं म्हणजे गावातल्या जुन्या सत्तेतून सुटणं वाटत होतं. भजन मराठीत, पोथी मराठीत, आणि मुक्तीनंतर गावोगाव निघालेली शाळाही मराठीत. या माणसाने फुलावर शिक्का मारला तो स्वतःच्या भल्याचा विचार करून.

फूल आणि दोन पानं. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नव्हतं, पक्ष नव्हता. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावं इतकं ते सोपं होतं, आणि प्रचारही त्याच दोन चित्रांचा झाला.

विरोधकांचं नेतृत्व युनायटेड गोवन्स पक्षाच्या डॉ. जॅक सिक्वेरा यांच्याकडे होतं. त्यांचा आग्रह असा की एवढा मोठा निर्णय विधानसभेतल्या बहुमतावर होऊ नये, तो थेट लोकांनी घ्यावा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत हेच पटवत राहिले. शेवटी संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये कायदा केला. सत्तेत बसून असा कौल निःपक्षपाती कसा होणार, या आक्षेपावर बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. सार्वमताला सामोरं जाण्यासाठी सत्ताधाऱ्यांनी खुर्ची सोडली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. अस्मिताय दिसाच्या भाषणांत ती क्वचितच ऐकू येते.

आता या कथेतला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९६१ च्या सुमारास गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आतच होती. म्हणजे दोन पानांना बहुमत मिळायचं तर हिंदू घरांतून मतं यायला हवी होती. ही घरं वर्तमानपत्र वाचत ती मराठीत. बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखालचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. त्याच्यासमोर मडगावहून निघणारा ‘राष्ट्रमत’ उभा राहिला. संपादक चंद्रकांत केणी, आणि उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. विलीनीकरण झालं तर गोवा एक जिल्हा होऊन जाईल. नोकऱ्यांवर पाणी सोडावं लागेल. महाराष्ट्रातली दारूबंदी आली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी काय करायचं? हे सगळे प्रश्न गोव्याच्या वाचकासमोर रोज सकाळी मराठीतून येत होते. उल्हास बुयांव कोंकणीत गात गावोगाव फिरत होते हे खरंच, आणि त्यांच्या गाण्यांचा परिणाम कोणी नाकारत नाही. पण महाराष्ट्रात न जाण्याचा युक्तिवाद घराघरांत पोचवण्यात मराठी दैनिकाचा मोठा वाटा होता. ज्यांना आज हा कौल म्हणजे मराठीविरुद्धचा निकाल वाटतो त्यांनी, आणि ज्यांना तो मराठीचा अपमान वाटतो त्यांनीही, हे ध्यानात घ्यावं.

सोमवारी मतदान झालं. सुमारे ८२ टक्के मतदार रांगेत उभे राहिले. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. साधारण सतरा हजार माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तर आज गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा असता.

आणि दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. कोण निवडून आलं? पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले, १९७३ मध्ये निधन होईपर्यंत ते पदावर राहिले, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर. म्हणजे मतदाराने पक्षाला सांगितलं, तुमचं राज्य आम्हाला हवं, तुमची मुख्य मागणी नको. लोकमत म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, असं आपण गृहीत धरतो. गोव्याच्या माणसाने दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली आणि त्यात त्याला काही विसंगत वाटलं नाही. आज एखादा निकाल लागला की जनतेने अमुक विचारधारा स्वीकारली, तमुक नाकारली, असं संध्याकाळपर्यंत जाहीर होतं. अशा वेळी मला मार्च १९६७ आठवतो.

कौलात जे विचारलंच नव्हतं तेही बघा. घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. तो दर्जा यायला ३० मे १९८७ उजाडला. कोंकणी राजभाषा व्हावी का, हेही विचारलं नव्हतं. त्यासाठी १९८५ नंतर वेगळं आंदोलन झालं, माणसं मेली, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये कायदा झाला. आता हे सगळं सोळा जानेवारीच्या खात्यावर जमा होतं. सिक्वेरांचा पुतळा विधानसभा संकुलात बसवावा ही मागणी कितीतरी वर्षं चालू आहे. ती मान्य व्हावी असं मला वाटतं, कारण लोकांना विचारा हा आग्रह त्यांनी सोडला नाही. आणि हा भारतातला एकमेव सार्वमताचा दिवस, असं जे म्हटलं जातं ते बरोबर नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये जुनागढला आणि एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीममध्येही लोकांना विचारलं होतं. तिथे प्रश्न भारतात येण्याचा होता. गोवा भारतात होताच, प्रश्न घरातल्या घरात कुठे राहायचं एवढाच होता.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्र गोव्याच्या तारखांपैकी १९ डिसेंबर लक्षात ठेवतो. सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांचा सत्याग्रह आठवतो, १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर पडलेले सत्याग्रही आठवतो. आठवायलाच हवेत. पण ‘आपण रक्त सांडलं आणि त्यांनी आपल्याला नाकारलं’ हा सूर मी अजूनही ऐकतो, आणि तो मला दुखावतो. सत्याग्रही गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी गेले होते. त्या स्वातंत्र्यातच ‘नको’ म्हणण्याचा हक्क होता.

बेळगावच्या संदर्भात तर हे फारच जवळून भिडतं. एक नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातला मराठी माणूस काळा दिन पाळतो. तिथे आपलं म्हणणं काय आहे? लोकेच्छा माना. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणुकांमागून निवडणुका निवडून आले, हा आपला पुरावा. योगायोग असा की गोव्यात कौल झाला त्याच महिन्यांत महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचं काम चालू होतं. ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला, मुख्यतः लोकांच्या इच्छेला त्यात किंमत नाही म्हणून. ही भूमिका मला मान्य आहे. पण मग पत्रादेवीच्या पलीकडे जी लोकेच्छा मोजून, आकड्यानिशी समोर आली, तिचा दिवसही आपण आदराने पाळायला हवा. आपल्याविरुद्ध गेलेल्या मताचा आदर केला तर बेळगावबद्दल बोलताना आपला आवाज जास्त खरा वाटेल.

शेवटी एक वाद सांगतो, ज्याची आठवण आता फारशी निघत नाही. गोव्याबाहेर, विशेषतः मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत असावं, अशी विलीनीकरणाच्या विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. गोव्याच्या मतदार यादीत नाव असेल त्याने मत द्यायचं, असं ठरलं. आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात गोव्यापुढे आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेल्या गोवेकराचं नाव यादीतून जातं, आणि वास्कोच्या बायणा भागात पंचवीस-तीस वर्षं राहिलेल्या कानडी मजुराचं नाव यादीत असतं. अस्मिताय दिसाच्या व्यासपीठावरून पहिल्याबद्दल हळहळ व्यक्त होते आणि दुसऱ्याबद्दल राग. हळहळ मला समजते. राग मात्र पटत नाही. ज्याची मुलं तिथल्या शाळेत शिकतात, जो तिथलं पाणी पितो, तिथेच म्हातारा होणार आहे, त्याला विचारल्याशिवाय गोव्याचा यापुढचा कुठलाही कौल मी पुरा मानणार नाही.