मी कादंबरी कशी वाचते
(बेळगावात वाचकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आपल्या गावात पुस्तकांविषयी बोलायला उभं राहिलं, की बोलणं सीमाप्रश्नाकडं वळतंच. त्याला तसं कारणही आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथं साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. तेव्हापासून मराठी पुस्तक हातात धरणं म्हणजे आपलं काहीतरी राखणं, अशी एक भावना आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतली माणसं पदरमोड करून संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, पोराबाळांसकट दिवसभर मांडवात बसतात. त्याचा मला फार अभिमान आहे.

पण मी स्वतः कादंबऱ्या वाचल्या, त्या मराठी टिकावी म्हणून वाचल्या नाहीत. पुढं काय झालं ते कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून वाचल्या. आज मला एवढंच सांगायचंय, की पुस्तकाची ओढ आधी लागू दे. ज्या घरात पुस्तक कर्तव्य म्हणून येतं, तिथं ते काचेच्या कपाटात जाऊन बसतं. ज्या घरात त्यावरून भांडणं होतात, जेवताना त्यातल्या माणसांची नावं निघतात, तिथं भाषेची वेगळी काळजी करावी लागत नाही.

माझी नोकरी खानापूरला होती. लोंढ्याकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं रोजचं जाणं-येणं. देसूर, इदलहोंड, मग खानापूर. एवढ्या वेळात एखादं प्रकरण नीट वाचून होतं, आणि दुसरं सुरू करावं म्हणेपर्यंत उतरायची वेळ होते. त्या गाडीनं मला हळू वाचायला शिकवलं. सकाळी वाचलेलं प्रकरण दिवसभर डोक्यात घोळत राहायचं. कोण खरं बोललं, कोण लपवतंय, आपण असतो तर काय केलं असतं. संध्याकाळच्या गाडीत पुढचं पान उघडेपर्यंत त्या माणसांशी माझी चांगली ओळख झालेली असायची. एका बैठकीत कादंबरीचा फडशा पाडणारी माणसं मला माहीत आहेत, त्यांचा आनंद त्यांना असू दे. मला मात्र कादंबरीत मुक्कामाला राहायला आवडतं.

पुस्तकं वाचनालयातून यायची. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, म्हणजे अठराशे सत्तावन्नच्याही आधीचं. एवढ्या जुन्या घराचे आपण वारस आहोत हे तरुण मुलांना सांगितलं पाहिजे. वाचनालयाच्या पुस्तकावर मी कधी रेघ मारली नाही. पात्रं फार असली तर चिठ्ठीवर नावं आणि नाती लिहून ती पुस्तकात ठेवते. प्रस्तावना शेवटी वाचते, कारण कुणाचं मत घेऊन कादंबरीत शिरायचं नाही. आणि एक कादंबरी संपली की लगेच दुसरी उघडत नाही. मधले काही दिवस मोकळे सोडते.

यापेक्षा मोठी सवय म्हणजे पुन्हा वाचणं. 'बनगरवाडी' घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, हातात घेतली तर लहानशीच. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, एवढीच तिची सुरुवात. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी त्या मास्तरबरोबर चालले. शाळेत पोरं येतील का, गाव आपलं म्हणेल का, तालीम उभी राहील का, याचीच धाकधूक. पुढं स्वतः कामाला लागल्यावर वाचली तेव्हा कारभारी दिसला. एका म्हाताऱ्याच्या शब्दावर वाडी कशी चालते, आणि तो शब्द दुखावला तर काय होतं, हे तेव्हा कळलं. आणि खानापूर तालुक्यातली ओस पडत चाललेली घरं बघितल्यावर पुन्हा उघडली, तेव्हा शेवटचा दुष्काळ वाचवेना. शेकूकडं एकच बैल, दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. माडगूळकर त्यावर एक हुंदका काढत नाहीत, सांगून पुढं जातात. एवढा संयम मी दुसऱ्या फार थोड्या लेखकांत बघितला. कादंबरी तीच, छापलेली पानं तीच. पहिल्या वाचनात ती बाई माझ्या नजरेतून निसटली होती, आणि आता ती मला सोडत नाही. म्हणून मी म्हणते, चांगली कादंबरी एकदाच वाचून 'वाचली' असं म्हणू नये.

आता आपल्या आसपासच्या लेखकांविषयी थोडं. आपण नशीबवान आहोत. चंदगड तालुक्यातलं कोवाड, तिथं रणजित देसाई राहिले. 'स्वामी' १९६२ साली आली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत बायका माधवराव-रमाबाईंसाठी रडल्या. मीही रडले आहे. निपाणीच्या शेजारचं कागल, तिथले आनंद यादव. 'झोंबी'तला आंद्या शिकायला मिळावं म्हणून बापाशी, रानाशी, भुकेशी झुंजतो. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला त्यातली बोली समजून घ्यावी लागत नाही, ती घरातूनच ऐकू येते.

आणि खुद्द निपाणीचे महादेव मोरे. त्यांचं नाव घेताना मला थोडं थांबावंसं वाटतं. २०२४ साली ते गेले. पिठाची गिरणी चालवता चालवता हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला. ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधली पोरं, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ज्यांना कादंबरीत कुणी बसायला पाट दिला नव्हता, ती माणसं त्यांच्या लिखाणात आपल्या भाषेत, आपल्या शिव्यांसकट बोलतात. १९८१ साली निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन झालं ते आपल्याला बातम्यांतून माहीत आहे. पण तंबाखूवर पोट असलेलं माणूस रोज कसं जगतं, घरात काय बोलतं, हे मला मोऱ्यांनी दाखवलं. त्यांची पुस्तकं पुण्या-मुंबईच्या चर्चेत फारशी येत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण आपल्या वाचनालयांच्या कपाटात ती मागच्या रांगेत असतील तर त्याचं जास्त वाईट वाटतं. ती पुढं काढा.

आता कन्नड कादंबऱ्यांकडं येते. माझी सगळ्यात लाडकी कादंबरी कोणती असं विचारलं तर मी 'वंशवृक्ष'चं नाव घेते. एस. एल. भैरप्पा कन्नडचे, पण मला ते मराठीतून भेटले, आणि भेटवलं कुणी, तर बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी. या अनुवादासाठी त्यांना १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे यजमान विरूपाक्ष मूळ कन्नड कादंबरी वाचून टेप करायचे आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. मला ही पद्धत फार जवळची वाटते. आपल्या घरांतही कन्नड अशीच कानातून आली आहे, शेजारच्या अक्कांकडून, बाजारातून, गाडीतून.

'वंशवृक्ष' आमच्या मैत्रिणींच्या बैठकीत वाचली तेव्हा दोन तट पडले. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री आणि त्यांची विधवा सून कात्यायनी. ती म्हैसूरला शिकायला जाते, राजच्या प्रेमात पडते, पुन्हा लग्न करते, आणि मुलाला मात्र सासऱ्यांच्या घरी ठेवून यावं लागतं. भैरप्पांनी तिला फार सोसायला लावलं असं निम्म्याजणी म्हणाल्या, उरलेल्या श्रोत्रींच्या बाजूच्या. चहा गार झाला तरी कुणी हटेना. माझं म्हणणं वेगळंच होतं. मला त्या कादंबरीत नागलक्ष्मी दिसते. तिचा नवरा सदाशिवराव मोठा इतिहासकार, ग्रंथ लिहायला त्याला बरोबरीची सोबत हवी म्हणून तो करुणाशी दुसरं लग्न करतो. एक थोर पुस्तक तयार होत असताना त्याच घरातली एक बाई कशी एकटी पडत जाते, हे भैरप्पांनी लिहिलंय, आणि वाचणारे आपण श्रोत्री बरोबर की कात्यायनी बरोबर यावर वाद घालत बसतो. परत वाचाल तेव्हा तिच्याकडं लक्ष ठेवून वाचा.

माणसं मला विचारतात, सीमाभागात राहून कन्नड कादंबरीचं एवढं कौतुक कसं करता? मराठी शाळेसाठी, मराठी पाटीसाठी मी मोर्च्यात चालले आहे, लागेल तेव्हा पुन्हा चालेन. त्या लढ्याचं नंजनगूडच्या श्रोत्रींशी काही भांडण नाही.

मुलांविषयी बोलून थांबते. आपली बरीच नातवंडं आता इंग्रजी नाहीतर कन्नड शाळेत जातात. घरात मराठी फाडफाड बोलतात, पण मराठी पान समोर आलं की अक्षरं जुळवत अडखळतात आणि कंटाळून पुस्तक मिटतात. त्यांना वाचा म्हणून दटावून उपयोग नाही, त्यांना वाचून दाखवलं पाहिजे. मी माझ्या नातीला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मोठ्यानं वाचून दाखवलं. कथा आहेत त्या, पण सगळीकडं लंपन एकच, म्हणून आमच्या घरी त्याची कादंबरीच झाली. संतांचं बालपण बेळगावातलं, त्यामुळं लंपनची ती कन्नड वळणाची मराठी कानावर पडली आणि पोरगी ताडकन उठून बसली. 'आज्जी, हा आपल्यासारखा बोलतो!' पुढची गोष्ट मी अर्ध्यावर सोडून स्वयंपाकाला उठले, तर उरलेली तिनं स्वतः बोट ठेवून वाचली.

वाचनालयांच्या चालकांपैकी काहीजण समोर बसलेत, त्यांना विनंती आहे. रविवारी सकाळी एक तास आणि सतरंजी टाकायला जागा द्या. मुलं कुठल्या माध्यमातली आहेत ते विचारू नका, वर्गणीही मागू नका. वाचायला मी येते. 'वनवास'पासून सुरू करू, मग थोड्या मोठ्या मुलांसाठी 'बनगरवाडी' घेऊ. आणखी दोघा-तिघांचे आवाज लागतील, शेकूच्या आणि कारभाऱ्याच्या संवादांसाठी पुरुषांचेसुद्धा. ज्यांना यायचंय त्यांनी कार्यक्रम संपल्यावर दाराशी मला भेटावं, मी वही घेऊन तिथं थांबते.