सनीसाइडची ग्रेसॅना

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री दारावर थाप पडते. बाहेर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीतून पळून आलेली माणसं. अंगावर मळ्यातले जाडेभरडे कपडे, आणि त्या कपड्यांवरूनच ती पकडली जाण्याची धास्ती. म्हणून घरातल्या तिघी बहिणी त्यांना जेवू घालायच्या, स्वतः शिवलेले साधे कपडे द्यायच्या आणि पुढच्या भरवशाच्या घरी रवाना करायच्या.

हे घर उत्तरेकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, किंबर्टनजवळच्या सनीसाइड मळ्यावरचं. त्या बहिणींमधली एक ग्रेसॅना ल्यूइस, जन्म १८२१. १८५०च्या कायद्याने अशा आसऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. तरी हे दार बंद झालं नाही.

ल्यूइस कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. गुलामगिरी पाप आहे, हे त्या पंथाला मान्य होतं. पण चळवळीत उतरायचं म्हटलं की बरेच जण मागे सरायचे. ग्रेसॅनाने या आपल्याच लोकांना उद्देशून पत्रक काढलं. ज्यांच्या शेजारी बसून मौन प्रार्थना करायची, त्यांनाच जाब विचारायचा! मला तिचं हे धाडस रात्री दार उघडण्याइतकंच मोठं वाटतं.

विज्ञानाची ओढ शाळेपासूनची होती. पण त्याला खरा वेळ मिळाला तो चाळिशी उलटल्यावर. फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीत जॉन कॅसिन या नामवंत पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली ती शिकू लागली. पक्ष्यांच्या जतन केलेल्या कातड्या समोर ठेवायच्या. चोच, पाय, पिसं निरखायची. कोण कोणाच्या कुळातला, हे जुळवत बसायचं. १८६८मध्ये तिच्या पक्षिग्रंथाचा पहिला भाग निघाला, १८७०मध्ये अकादमीने तिला सदस्य करून घेतलं.

व्हॅसर कॉलेजात निसर्गविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा होती. तिने अर्ज केला. जागा जेम्स ऑर्टन यांना मिळाली. आणि हे कॉलेज बायकांसाठी काढलेलं! मुलींनी शिकावं, पण शिकवायला पुरुषच हवा? मला याचा आजही राग येतो.

ती थांबली नाही. व्याख्यानं दिली, प्राणिसृष्टीचे तक्ते काढले. १८९३च्या शिकागो प्रदर्शनासाठी तिने पेनसिल्व्हेनियातल्या झाडांची पानं रंगवली, तेव्हा तिचं वय बहात्तरच्या घरात होतं. १९१२मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ती गेली.

कॅसिनने १८६७मध्ये एका पक्ष्याला तिचं नाव दिलं होतं: इक्टेरस ग्रेसॅनी. इक्वेडोर आणि पेरूच्या कोरड्या रानांत तो आजही दिसतो. पिवळाधमक अंग, काळा गळा, पंखांवर पांढरी किनार. आपल्या हळद्याची आठवण व्हावी असा. पण दोघांची कुळं वेगळी.